टेबलाच्या अलीकडे, टेबलाच्या पलीकडे

सिझेरियन, हर्निया किंवा अपेंडिक्स यांसारख्या नेहमीच्या शस्त्रक्रियेत रुग्ण प्रत्यक्ष टेबलावर असतो तो तासाभराच्या आसपास. पण त्या शस्त्रक्रियेचा शेवट कसा होणार हे त्या तासाच्या आधीचे काही दिवस आणि नंतरचा महिनाभर मिळून ठरवत असतात. या सगळ्या काळात रुग्णाची जी काळजी घेतली जाते तिला शस्त्रक्रियाकालीन निगा म्हणतात. तिच्यात रोगनिदान, शस्त्रक्रियेचा निर्णय, रुग्णाची तयारी, भूल, प्रत्यक्ष शस्त्रक्रिया, शुद्धीवर येतानाची देखरेख, वॉर्डातील शुश्रूषा आणि घरी गेल्यानंतरचा पाठपुरावा एवढे सगळे येते. ही कामे एका माणसाच्या आवाक्यातली नाहीत आणि ती कधीच एका माणसाने केलेली नाहीत, तरीही ‘ऑपरेशन कोणी केले?’ या प्रश्नाचे उत्तर गावोगाव एकाच डॉक्टरच्या नावाने दिले जाते.

भारतीय वैद्यकपरंपरेला ही विभागणी अपरिचित नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात शस्त्रकर्माचे पूर्वकर्म, प्रधानकर्म आणि पश्चात्कर्म असे तीन भाग केलेले आहेत आणि शस्त्र हाती घेण्यापूर्वी कोणती साधने जवळ असावीत, रुग्णाला धरण्यासाठी कशी माणसे असावीत याचाही विचार त्यात आहे. उपचाराचे चार पाय सांगताना वैद्य आणि औषध यांच्याबरोबर परिचारक व स्वतः रुग्ण यांनाही आयुर्वेदाने बरोबरीचे स्थान दिले. त्या काळी बहुतेक शस्त्रकर्मांपूर्वी रुग्णाला हलके अन्न देण्याचा सल्ला होता आणि पोट, मूळव्याध, मूतखडा, अडलेले बाळंतपण अशा मोजक्या प्रसंगीच त्याला उपाशी ठेवावे असे सांगितले होते. आधुनिक भूलशास्त्राने हा नियम सर्वांसाठी उपाशीपोटी असा बदलला, कारण भूल दिल्यावर घशाची राखण करणाऱ्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात आणि पोटातले अन्न उलटून फुप्फुसात जाण्याचा धोका निर्माण होतो.

विसाव्या शतकात शस्त्रक्रियेची तंत्रे वाढली तसतशी कामांची वाटणीही वाढली. भूलतज्ज्ञ वेगळा झाला, थिएटरमधील परिचारिका वेगळी झाली, अतिदक्षता विभाग वेगळा झाला. या वाटणीमुळे प्रत्येक काम अधिक चांगले होऊ लागले, मात्र एका हातातून दुसऱ्या हातात रुग्ण सोपवण्याचे प्रसंग वाढले आणि चुका तिथे होऊ लागल्या. १९९० च्या दशकात हेन्रिक केलेट या डॅनिश शल्यचिकित्सकाने मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियांमध्ये दाखवून दिले, की वेदनाशमन, लवकर खाणेपिणे, लवकर चालवणे आणि अनावश्यक नळ्या टाळणे या साध्यासुध्या गोष्टी सगळ्या विभागांनी आधीच एकत्र ठरवून केल्या, तर रुग्ण कितीतरी लवकर घरी जातो. यात नवे यंत्र किंवा नवे औषध फारसे नव्हते. वेगवेगळ्या माणसांनी आपापल्या सवयी एका आराखड्यात बसवल्या होत्या. पुढे या पद्धतीला जलद पुनर्स्वास्थ्य कार्यक्रमाचे रूप आले आणि जगभरच्या मोठ्या रुग्णालयांनी ती उचलली.

अमेरिकेतील रुग्णालयांच्या तुलनेवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने या विचाराला वेगळी धार दिली. शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत होण्याचे प्रमाण चांगल्या आणि वाईट रुग्णालयांमध्ये फारसे वेगळे नव्हते, मृत्यूचे प्रमाण मात्र वाईट रुग्णालयांत जवळजवळ दुप्पट होते. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, न्यूमोनिया सगळीकडेच होत होते. ते वेळेत ओळखून रुग्णाला वाचवण्यात फरक पडत होता. या उणिवेला वैद्यकशास्त्रात ‘वाचवण्यातील अपयश’ असे नाव आहे, आणि ते शल्यचिकित्सकाच्या हातापेक्षा रात्रपाळीच्या परिचारिकेच्या नजरेशी, तिने केलेल्या फोनशी आणि त्या फोनला मिळालेल्या उत्तराशी अधिक जोडलेले असते. आफ्रिकेतील २५ देशांच्या २०१८ मधील एका पाहणीत तर शस्त्रक्रियेनंतर दगावलेल्या रुग्णांपैकी दहात नऊहून अधिक रुग्ण शस्त्रक्रियेच्या दिवसानंतर, म्हणजे थिएटरमधून सुखरूप बाहेर आल्यावर गेले होते.

धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात हा सगळा विचार एका वेगळ्याच अडचणीला येऊन भिडतो, कारण येथे रुग्णाला सोपवण्याचे प्रसंग एका इमारतीच्या दोन मजल्यांवर घडत नाहीत, ते तालुक्यांच्या आणि जिल्ह्यांच्या हद्दी ओलांडून घडतात. २०११ च्या जनगणनेनुसार साडेसोळा लाखांहून थोडी अधिक लोकसंख्या असलेल्या या जिल्ह्यात धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे आठ तालुके आहेत. परंडा आणि भूम येथील माणूस मोठ्या दुखण्यासाठी सरळ बार्शीची वाट धरतो, तुळजापूरकर सोलापूरला जातो, कळंबकर लातूरला किंवा अंबाजोगाईला, तर उमरग्याच्या रुग्णाला सोलापूर आणि लातूर यांच्याबरोबर कर्नाटकातील कलबुर्गीही परकी वाटत नाही. नीती आयोगाच्या २०१८ मधील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातील जे चार जिल्हे आले त्यांत हा एक होता. २०२२ मध्ये जिल्हा मुख्यालयी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि १०० विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली, ही अलीकडची मोठी घडामोड. पण पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या वाटा एका महाविद्यालयाने लगेच बदलत नाहीत.

जागतिक शस्त्रक्रियेविषयीच्या लॅन्सेट आयोगाने २०१५ मध्ये असा निकष सुचवला, की सिझेरियन, पोट उघडण्याची तातडीची शस्त्रक्रिया आणि हाड बाहेर आलेल्या मोडीवरील उपचार या तीन गोष्टी दोन तासांच्या अंतरात मिळायला हव्यात. नकाशावर मोजले तर धाराशिवच्या बहुतेक गावांना हा निकष गाडीने गाठता येईल. वास्तवात वेळ रस्त्यावर कमी आणि त्याच्या दोन्ही टोकांना जास्त जातो. माता-आरोग्याच्या अभ्यासकांनी मांडलेली तीन विलंबांची कल्पना येथे उपयोगी पडते: घरात निर्णय व्हायला लागणारा वेळ, दवाखान्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ आणि दारात पोहोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागणारा वेळ. २०१४ पासून राज्यात धावणाऱ्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकांनी मधला विलंब बराच कमी केला. पहिला विलंब घरातील वडीलधारी, पैसा आणि भीती यांच्या हाती राहिला, आणि तिसरा भूलतज्ज्ञ हजर आहे की नाही व रक्तपिशवी मिळते की नाही यावर.

निर्णयाची जबाबदारी

शस्त्रक्रियेआधीची सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे ती मुळात हवी की नको हे ठरवणे, आणि या पायरीवर माणसे जितकी कमी तितकी चूक होण्याची शक्यता जास्त. याचे दुखरे उदाहरण धाराशिवच्या शेजारी बीड जिल्ह्यात सापडते आणि तेच दुखणे ऊसतोडीला जाणाऱ्या धाराशिवच्या कुटुंबांनाही परके नाही. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांविषयी २०१९ मध्ये राज्य शासनाने नेमलेल्या समितीला ८२ हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. या भागात ‘पिशवी काढणे’ ही इतकी सरावाची गोष्ट झाली होती, की पांढरे जाणे किंवा पाळीतील दुखणे अशा औषधाने बऱ्या होणाऱ्या तक्रारींवरही तोच उपाय सुचवला जाई, आणि पाळीच्या दिवसांत खाडा पडला तर मुकादमाकडून होणाऱ्या दंडाची भीती त्या सल्ल्याला जोड देई. अशा वेळी डॉक्टर आणि भेदरलेली बाई एवढी दोनच माणसे समोरासमोर असतात. दुसऱ्या डॉक्टरचे मत, सोनोग्राफीचा नीट लावलेला अर्थ, कॅन्सरची शंका आहे की नाही याची तपासणी आणि ‘अंडाशय काढले तर पुढे हाडे ठिसूळ होतील’ हे समजावून सांगणारी एखादी परिचारिका यांपैकी काहीही उपलब्ध नसते. संघाने घेतलेला निर्णय शस्त्रक्रियांची संख्या वाढवतो असे नाही. पुष्कळदा तो ती कमी करतो, आणि हीच त्याची खरी कसोटी मानायला हवी.

निर्णय झाल्यावर तयारी सुरू होते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीने नोंदवले आहे. हिमोग्लोबिन आठ असलेल्या स्त्रीची ठरवून करायची शस्त्रक्रिया महिना-दीड महिना पुढे ढकलून तिला लोहाच्या गोळ्या किंवा शिरेतून लोह दिले, तर पुढे रक्त चढवण्याची वेळ अनेकदा येतच नाही. परंतु हा महिना-दीड महिना तिला कोणी सांभाळायचे? शल्यचिकित्सक तिला पुन्हा पाहणार तो थेट दाखल होण्याच्या दिवशी. मधल्या काळात ती गावात असते आणि गावात असते ती आशाताई, म्हणजे शासनाने नेमलेली आरोग्य कार्यकर्ती. साखर नियंत्रणात आणणे, तंबाखू किंवा मिश्री सोडायला लावणे, ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ कधी थांबवायची हे लक्षात ठेवणे ही सारी कामे थिएटरपासून साठ-सत्तर किलोमीटर दूर घडतात.

उपवासाचा मुद्दा लहान वाटतो, पण प्रत्यक्षात तोच सर्वाधिक गोंधळाचा ठरतो. हलक्या आहारानंतर सहा तास आणि साध्या पाण्यानंतर दोन तास थांबावे असा भूलशास्त्राचा आजचा सर्वमान्य नियम आहे. गावात मात्र ‘रात्रीपासून काही खायचं-प्यायचं नाही’ एवढाच निरोप पोहोचतो. मग सकाळी आठची वेळ दुपारी दोनवर गेली, की मराठवाड्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात रुग्ण चौदा-पंधरा तास पाण्याविना राहतो आणि टेबलावर त्याचा रक्तदाब ढासळतो. त्याच्या उलट, सोबत आलेली सासू दया येऊन सुनेला हळूच चहा-बिस्कीट देते आणि भूलतज्ज्ञाने विचारल्यावर दोघीही नाही म्हणतात. या दोन्ही प्रकारांवर उपाय एकच, तो म्हणजे निरोप देणाऱ्याने कारणासह निरोप देणे. आणि ते काम वॉर्डातल्या ‘सिस्टर’ इतके चांगले दुसरे कोणी करू शकत नाही.

बार्शी ते परंडा, भूम आणि पुढे

शस्त्रक्रियेची साखळी गावापासून सुरू होते हे निव्वळ तत्त्व म्हणून सांगणे सोपे आहे, पण धाराशिव जिल्ह्यात त्याचा पुरावा जमा झालेला आहे, आणि तो जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत उद्धृत केला जातो. बार्शी हे शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातले गाव. तेथे नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आहे. त्याच्या आधारे आणि मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या सहकार्याने १९८७ मध्ये बार्शी, परंडा आणि भूम या तालुक्यांसाठी ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण लोकसंख्येसाठी अशी नोंदणी भारतात प्रथमच होत होती. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. परंडा-भूमच्या खेड्यांत असे कागदच नव्हते, कारण कॅन्सर झालेली बाई अनेकदा रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे. म्हणून क्षेत्रीय कार्यकर्ते ठराविक काळाने गावोगाव जाऊ लागले, लोकांशी बोलू लागले, अंगावरून जाणारे रक्त किंवा न भरणारी जखम असलेल्यांना रुग्णालयात आणू लागले. काम होते मोजणीचे. त्याचा परिणाम असा झाला, की काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे रुग्ण आधीच्या तुलनेत लवकरच्या अवस्थेत येऊ लागले. गर्भाशयमुखाचा कॅन्सर म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाशी होणारा कर्करोग. लवकरच्या अवस्थेत तो शस्त्रक्रियेने बरा होतो, पुढच्या अवस्थेत शस्त्रक्रियेची वेळ निघून गेलेली असते. मोजायला गेलेल्या माणसाने अशा रीतीने शल्यचिकित्सकाचे अर्धे काम केले होते, जरी त्याला स्वतःला तसे वाटले नसले तरी.

या पायावर १९९९ च्या अखेरीस त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात एक मोठी चाचणी सुरू झाली. फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे रुग्णालय यांनी मिळून ती हाती घेतली. डॉ. भगवान नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि लिऑनचे डॉ. आर. शंकरनारायणन ही या कामातली प्रमुख नावे. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा समावेश असलेले ५२ ग्रामसमूह चिठ्ठ्या टाकल्यासारख्या पद्धतीने चार गटांत वाटण्यात आले. एका गटात या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी झाली, दुसऱ्यात काचपट्टीवर पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची पॅप चाचणी, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखे सौम्य आम्ल लावून उघड्या डोळ्यांनी केलेली तपासणी, आणि चौथ्या गटाला नेहमी मिळणारी आरोग्यसेवा. बोलावलेल्या स्त्रियांपैकी पाचांत सुमारे चार जणी तपासणीला आल्या. ज्या जिल्ह्यात आतील तपासणीसाठी टेबलावर झोपायला स्त्री सहजी तयार होत नसे, तिथे हे घडले ते तपासणी प्रशिक्षित परिचारिकांनी, बाईने बाईची, गावाजवळ केली म्हणून.

दोष आढळलेल्या स्त्रीला पुढे दुर्बिणीतून तपासणी, तुकडा काढून तपासणी आणि गरजेप्रमाणे उपचार असा मार्ग आखलेला होता. कॅन्सर होण्याआधीचा बदल असेल तर अतिथंड वायूने तो भाग गोठवत, किंवा विजेच्या तारेच्या वेटोळ्याने तेवढाच काढून टाकत; कॅन्सरच असेल तर शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ च्या एप्रिलमध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले. विषाणू-चाचणीच्या गटात या कॅन्सरने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या, आणि त्याहून थोड्या लहान असलेल्या चौथ्या गटात ६४. पुढच्या अवस्थेतील कॅन्सर ३९ विरुद्ध ८२. एका चाचणीच्या एका फेरीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. उरलेल्या दोन तपासण्यांनी मात्र मृत्यूंमध्ये ठामपणे सांगता येईल अशी घट दाखवली नाही.

या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबायला हवे. तपासणीच्या तिन्ही गटांत कार्यकर्ते निष्ठेने राबले होते, उपचार करणारे रुग्णालय तेच होते, मग फरक का पडला? पॅप चाचणी आणि डोळ्यांनी केलेली तपासणी या दोन्ही पाहणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतात, आणि ती नजर दिवसाच्या शेवटी थकते. विषाणू-चाचणी यंत्रावर होते आणि धोक्याचा बदल तिच्या हातून सहसा सुटत नाही. संघटित सेवेचे कौतुक करताना ही मर्यादा विसरली जाते. माणसांचा संघ कितीही चांगला असला तरी कोणते काम माणसाच्या नजरेवर सोडायचे आणि कोणते यंत्रावर सोपवायचे हे ठरवावे लागते. बाईला घरातून बाहेर काढणे यंत्राला जमणार नव्हते आणि विषाणू शोधणे परिचारिकेला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये विषाणू-चाचणीलाच पहिली पसंती दिली, त्यामागच्या पुराव्यात धाराशिवच्या या स्त्रियांचा मोठा वाटा आहे. त्याच वेळी हेही नोंदवणे भाग आहे, की तपासणीविना ठेवलेल्या चौथ्या गटाबद्दल वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासकांनी कठोर टीका केली, आणि ती टीका सहज झटकून टाकण्याजोगी नाही.

थिएटरातले अर्धे मिनिट

टेबलाच्या आजूबाजूला उभ्या असलेल्या संघाविषयी सर्वांत अधिक चर्चा झाली ती एका कागदाच्या निमित्ताने. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये १९ मुद्द्यांची सुरक्षित शस्त्रक्रिया तपासणी-सूची तयार केली. त्या कामाचे नेतृत्व बोस्टनचे शल्यचिकित्सक आणि लेखक डॉ. अतुल गावंडे यांच्याकडे होते. त्यांचे वडील डॉ. आत्माराम गावंडे हे यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी गावचे. दिल्लीच्या सेंट स्टीफन्स रुग्णालयासह आठ देशांतील आठ रुग्णालयांत ही सूची वापरून पाहिली गेली. तेव्हा मृत्यूचे प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आणि गुंतागुंतीचे ११ वरून ७ टक्क्यांवर आल्याचे जानेवारी २००९ मध्ये जाहीर झाले.

सूचीचे तीन थांबे आहेत: भूल देण्यापूर्वी, त्वचेला छेद देण्यापूर्वी आणि रुग्ण थिएटरबाहेर जाण्यापूर्वी. पहिल्या थांब्यावर रुग्णाकडूनच त्याचे नाव, कोणत्या बाजूची शस्त्रक्रिया आणि संमती यांची खात्री करतात, आणि बोटाला ऑक्सिजन मोजणारा पल्स ऑक्सिमीटर लावला आहे की नाही ते पाहतात. दुसऱ्यावर सगळे क्षणभर हात थांबवतात, प्रत्येक जण आपले नाव आणि काम सांगतो, प्रतिजैविक गेल्या तासाभरात दिले आहे का ते विचारले जाते. तिसऱ्यावर पोट शिवण्याआधी सुरू झालेली मोजणी पुरी होते: किती गॉज आत गेले, किती बाहेर आले, सुया किती. लहान गावातल्या थिएटरात ही मोजणी अशी चालते, की परिचारिका रक्ताने माखलेले गॉज उलगडून पाच-पाचच्या ओळीत फरशीवर पसरते, मोठ्याने मोजते, आणि आकडा फळ्यावरच्या आकड्याशी जुळला नाही तर डॉक्टरला टाका घालू देत नाही. वयाने आणि पदाने मोठ्या असलेल्या डॉक्टरला ‘सर, थांबा’ म्हणणे हे भारतीय रुग्णालयात सोपे नसते. सूचीने परिचारिकेला दिलेली खरी गोष्ट म्हणजे हे म्हणण्याची परवानगी.

ती परवानगी नसेल तर सूची हा आणखी एक भरायचा कागद होतो. कॅनडातील ओंटारिओ प्रांताने ती सक्तीची केली, आणि १०१ रुग्णालयांच्या आकडेवारीवर २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात मृत्यू किंवा गुंतागुंत यांत ठळक फरक दिसला नाही. दोन्ही निष्कर्ष खरे असू शकतात. शस्त्रक्रिया आटोपल्यावर एकटीने बसून सगळ्या चौकोनांत बरोबरच्या खुणा करणारी परिचारिका ज्यांनी पाहिली आहे त्यांना त्यात विसंगती वाटणार नाही.

ग्रामीण भागात मात्र सूचीच्या आधीचा प्रश्न असा, की टेबलाभोवतीची माणसेच पुरी नसतात. तालुक्याच्या ठिकाणी शल्यचिकित्सक किंवा स्त्रीरोगतज्ज्ञ मिळतो, भूलतज्ज्ञ मात्र एका दिवसात तीन-चार दवाखाने फिरणारा असतो. तो येतो, भूल देतो आणि कमरेखालचा भाग बधिर असलेल्या रुग्णाला परिचारिकेच्या हवाली करून पुढे निघतो. भारत सरकारने या टंचाईवर उपाय म्हणून एमबीबीएस डॉक्टरांना १८ आठवड्यांचे जीवरक्षक भूलकौशल्याचे प्रशिक्षण देण्याचा मार्ग काढला, जेणेकरून उपजिल्हा रुग्णालयात रात्री सिझेरियन अडू नये. तज्ज्ञांच्या संघटनांना ही तडजोड फारशी रुचली नाही, पण अडलेल्या बाळंतिणीच्या दृष्टीने भूलतज्ज्ञ नसणे आणि मर्यादित प्रशिक्षणाचा डॉक्टर असणे यांत निवड करायला वेळ लागू नये.

घरी गेल्यानंतर

पश्चात्कर्माचा भाग सर्वांत दुर्लक्षित राहतो. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री नाडी, रक्तदाब, श्वास आणि लघवीचे प्रमाण ठराविक अंतराने नोंदवले गेले, तर आत होणारा रक्तस्राव चेहऱ्यावर दिसण्याच्या कितीतरी आधी आकड्यांत दिसतो. दुसऱ्या दिवशी रुग्णाला उठवून चालवले तर पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा आणि फुप्फुसात कफ साठण्याचा धोका घटतो. पण येथे संघातला एक महत्त्वाचा सदस्य विरोधात उभा असतो, तो म्हणजे नातेवाईक. ‘टाके तुटतील’ म्हणून रुग्णाला उठू दिले जात नाही, ‘भाताने पू होतो’ म्हणून भात बंद होतो, ‘वारं लागेल’ म्हणून कानाला फडके बांधून खिडक्या मिटल्या जातात. यांतले काही निरुपद्रवी आहे, काही नाही. जखम भरायला प्रथिने लागतात आणि पथ्याच्या नावाखाली आठ दिवस पेजेवर ठेवलेल्या रुग्णाची जखम रेंगाळते. ज्या वॉर्डात परिचारिका नातेवाइकांना शत्रू न मानता त्यांनाच कामाला लावते, ‘आजी, तुम्ही ह्यांना धरून दारापर्यंत चालवा’ असे सांगते, तिथे हा विरोध बहुधा विरघळतो.

मग डिस्चार्जचा दिवस येतो. रुग्णाच्या हाती एक फाईल येते. तिच्यातले डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत, घाईत लिहिलेले असते, आणि ती फाईल एक्स-रेसकट प्लास्टिकच्या पिशवीत घालून घरातल्या खुंटीला लटकते. जखमेतून पाणी येऊ लागले, ताप भरला, पोटरी सुजून दुखू लागली तर कोणाला दाखवायचे हे त्या कार्डावर क्वचितच असते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत डिस्चार्जनंतर १० दिवसांपर्यंतचा पाठपुरावा व औषधे समाविष्ट आहेत आणि रुग्णालयांत योजनेच्या रुग्णांना मदत करणारे आरोग्यमित्र नेमलेले असतात. परंतु सोलापुरात शस्त्रक्रिया झालेला लोहाऱ्याचा रुग्ण एसटीचे भाडे, सोबत्याचा बुडालेला रोज आणि वेळ यांचा हिशेब करून पुन्हा जात नाही, आणि गावातल्याच खासगी डॉक्टरकडून टाके काढून घेतो. त्याला काय झाले होते हे त्या डॉक्टरला माहीत नसते, आणि त्याचे पुढे काय झाले हे सोलापूरला कधी कळत नाही.

ही तुटलेली जागा भरून काढण्याचे प्रयोग याच जिल्ह्यात झाले आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली गावे जमीनदोस्त केली, तेव्हा तातडीच्या शस्त्रक्रिया करणारे बाहेरून आले आणि गेले. हाडे जुळली नाहीत, जखमा चिघळल्या, अपंगत्व उरले, हे सांभाळायला जी माणसे लागणार होती ती तिथेच राहणारी असावी लागणार होती. लोहारा तालुक्यातील सास्तूर येथे उभे राहिलेले स्पर्श रुग्णालय त्या काळाची आठवण आहे. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅलो मेडिकल फाउंडेशनच्या माध्यमातून खेड्यातल्या कमी शिकलेल्या, कधी अगदीच न शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले. पुढे शासनाने नेमलेल्या आशाताई हे काम गावोगाव करू लागल्या. नवजात बाळाच्या घरी ठराविक दिवशी भेट देण्याची पद्धत त्यांच्या कामात पक्की रुजलेली आहे. शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढ माणसाच्या घरी अशी भेट देणे मात्र त्यांच्या नेमून दिलेल्या कामात सहसा बसत नाही.

शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत झालेला मृत्यू हा जगभर शस्त्रक्रियेच्या सुरक्षिततेचा मापदंड मानला जातो, आणि जगात दरवर्षी सुमारे ४२ लाख माणसे त्या ३० दिवसांत दगावतात असा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला. रुग्णालयाचे रजिस्टर मात्र डिस्चार्जच्या तारखेला संपते. परंडा आणि भूम तालुक्यांत कर्करोग नोंदणीचे कार्यकर्ते रुग्णाच्या घरी जाऊन तो जिवंत आहे की नाही हे विचारून कागदावर उतरवतात, आणि त्यामुळेच बार्शीला आपल्या कामाचा निकाल समजतो. जिल्ह्यातील सर्व शस्त्रक्रियांना हीच पद्धत लावायची झाली तर नव्या इमारतीची गरज पडणार नाही. आशाताईच्या नोंदवहीत दोन रकाने वाढवावे लागतील, त्या भेटीचा मोबदला ठरवावा लागेल, आणि डिस्चार्ज कार्डाची एक प्रत मराठीत तिच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचवावी लागेल.